ज्यानं कोंडलं त्यानंच कडी काढावी

शास्त्राचं पहिलं पान त्यांनी माझ्या तोंडात कोंबलं तेव्हा माझे पुढचे दोन दात जागेवर होते. तिसऱ्या पानाला नव्हते.

"खा. तुझा देव खा," मालक म्हणत होता. त्याचा गुडघा माझ्या छातीवर. त्याच्या दोन भावांनी माझे हात धरलेले. आमच्या पाड्यातली माणसं बाजूला उभी. बाया, बाप्ये. कोणी हललं नाय. मी त्यांना दोष देत नाय. देतो. थोडा देतो.

शास्त्रात, म्हणजे बायबलात, लिहिलंय, यहेज्केल संदेष्ट्याला देवानं ग्रंथाची गुंडाळी खायला लावली. त्याला ती मधासारखी गोड लागली. मला नाय लागली. मला शाई लागली, आणि रक्त.

गुन्हा काय माझा, ते सांगतो. मी डोळखांबकडचा ठाकर. शाळा दुसरीपर्यंत. साठीला आलो तेव्हा अक्षरं पुन्हा लावायला शिकलो, फक्त शास्त्रासाठी. बोट ठेवून वाचतो. मोठ्यानं वाचतो, मनात वाचता येत नाय. दर रविवारी पाड्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसतो. बाप्तिस्मा झालेली घरं दोनच. बाकीचे येतात, ऐकतात, तंबाखू मळतात, जातात.

यंदा भातकापणीच्या तोंडावर मी देवाच्या दहा आज्ञा वाचल्या. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी करू नको. तू नको, तुझा चाकर नको, तुझी दासी नको, तुझा बैल नको, गाढव नको.

शेजारची सोनी बसली होती. ती म्हणाली, "काका, बैलाला पन सुट्टी?"

"बैलाला पन."

"मंग आमी काय बैलापरीस खाली हाव?"

सगळे हसले. मी नाय हसलो. चाळीस वर्षं मी मालकाचं भात कापलंय. कापणी लागली की रोज. अंगात ताप असला तरी रोज. बैल थकला की मालक त्याला सावलीत बांधायचा. आमाला नाय.

पुढच्या रविवारी मालकाच्या शेतावर एकही माणूस गेला नाय. बाप्तिस्मा नसलेले पण गेले नाय. भात कापून आडवं पडलेलं, भारे बांधायचे राहिलेले, आणि आभाळ भरून आलेलं. दहाच्या सुमाराला मालक भावांना घेऊन मोहाखाली आला. त्याला देवाशी काय घेणं? त्याचं भात भिजणार होतं. पण तोंडानं म्हणाला, "लोकांना बाटवतोस?"

मग ते झालं, जे आधी सांगितलं.

तिथून केसाला धरून मला पंचायतीपर्यंत ओढत नेलं. भर दिवसा, रस्त्यानं. पंचायतीची सामानाची खोली आहे. तिला दोन दारं. एक पुढं पटांगणात, एक मागं नाल्याकडं. आत फावडी, टिकाव, विहिरीत टाकायच्या पावडरीच्या गोण्या. त्या पावडरीनं डोळे जळतात. पुढच्या दाराची कडी मालकानं स्वतःच्या हातानं घातली. मी फटीतून बघितलं.

आत मी काय केलं? प्रार्थना केली असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. मी टिकाव उचलला. दांडा चाचपला. मनात मालकाचं डोकं फोडलं. एकदा नाय, वीसदा फोडलं. प्रभूला धरायला आले तेव्हा पेत्रानं एकाचा कान कापला, प्रभूनं तो बरा केला. मी म्हटलं, प्रभू, मला पण एक कान दे. मग बरा कर पाहिजे तर.

तेवढ्यात पुढच्या दाराबाहेरून माझ्या म्हातारीचा आवाज आला. "अवो, जिते हाव का गेलात?"

"जिता हाय."

"मंग मी बसल्ये हितंच."

तो आवाज ऐकून हातातला टिकाव जड झाला. जवानीत मी दारू पिऊन हिला मारायचो. एकदा हात मोडला हिचा. तिनं कधी विचारलं नाय, का मारतोस म्हणून. विचारायची सोय मी ठेवलीच नव्हती. महायाजकाच्या घरी शिपायानं प्रभूच्या थोबाडीत मारली, तेव्हा प्रभूनं दुसरा गाल पुढं केला नाय. त्यानं विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस? किती वेळा वाचलं होतं. त्या खोलीत कळलं. मारणाऱ्याला मार चालतो, शिव्या चालतात. 'का' चालत नाय. मला पण चाललं नसतं.

टिकाव खाली ठेवला.

दुपारी मागचं दार उघडलं. गणू, पंचायतीचा शिपाई, आमच्याच पाड्याचा. "काका, चल बिगीबिगी. कोनीतरी मोबाइलवर काढलंय सगलं. शहापूरवरनं पोलीस निघालेत. मालक बोलला, नाल्यानं घरी धाड."

त्याच्या मागं आमचे पाळक, म्हणजे पाद्री. मुरबाडवरून मोटारसायकलनं आलेले. म्हणाले, "बाबा, क्षमा करा. दुसरा गाल पुढे करायचा असतो. वाढवू नका, मंडळीला त्रास होईल."

मी म्हटलं, "फिलिप्पैत पौल आणि सीला यांचं काय झालं, ते सांगा गणूला."

पाळक गोण्यांकडं बघायला लागले. त्यांनीच मला शिकवलं होतं ते. मग मीच सांगितलं. दोघांना चारचौघांत फोडलं, कोंडलं, आणि सकाळी निरोप आला, सोडून द्या. पौल उठला नाय. म्हणाला, उघड मारलं आणि आता चोरून सोडता? ज्यांनी टाकलं त्यांनीच येऊन बाहेर न्यावं.

"मंग आले?" गणूनं विचारलं.

"आले. विनवण्या करत."

"काका, तो मोठा मानूस असंल."

"रोमचा नागरिक होता."

"बघ. आनि तू?"

"माझ्याकडं आधारकार्ड हाय. मत देतो. मी कुठला हाय, सांग ना."

गणूनं माझा दंड धरून ओढला. मी पावडरीच्या गोणीवर बसलो. "मला पुढच्या दारानं आनलंय. ज्यानं कोंडलं त्यानंच कडी काढावी."

"हट्ट हे पाप आहे, बाबा," पाळक म्हणाले.

"असंल."

मी निघत नाय हे मालकाला कळायला वेळ लागला, पण पोलिसांची गाडी फाट्यापर्यंत आल्याचं कळलं तेव्हा तो धावत आला. कडी वाजली. दारात तोच. माझ्याकडं बघत नव्हता. "जा," म्हणाला.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. पटांगणात म्हातारी, सोनी, सगळा पाडा. आयुष्यात पहिल्यांदा मी मालकाला अरेतुरे केलं. "मी वायीट बोललो असंन तर सांग सगल्यांम्होरं. नायतर का मारलंस?"

त्यानं हात उचलला. परत मारणारच होता.

सोनी म्हणाली, "इचारलंय ना मालक. बोला की."

हात खाली आला. तो बाजूला सरला.

पोलीस म्हणाले, मिटवून टाका. मी तक्रार दिली. एकेक अक्षर लावून सही केली. त्याला वेळ लागला, सगळे थांबले.

घरी आल्यावर म्हातारीला म्हणालो, तू पण विचार मला. ती भाकर थापत होती. म्हणाली, "आता इचारून काय? हाड वाकडंच बसलं." मी तिच्या बाजूला बसून चुलीत लाकूड सारलं.

मालकानं आता कापणीला बाहेरची माणसं लावलीत. पाड्यातले काही मला शिव्या देतात. पाळक येत नाय, निरोप पाठवतात, तक्रार मागं घ्या, क्षमा करा. क्षमा करीन. ती घ्यायला मालकानं पाड्यासमोर यावं, आणि का मारलं ते आधी सांगावं. तोवर तक्रार मागं घेणार नाय. रविवारी कोणाच्याही शेतावर जाणार नाय. मोठ्यानं वाचणं सोडणार नाय. टिकाव उचलणार नाय. ज्याला मारायचं असेल त्यानं खुशाल यावं. येताना उत्तर घेऊन यावं.