गूळ न खाता गेलेले पाहुणे

माझ्या तोंडाकडं बघून माणसं आधी गप्प होतात, मग विचारतात. विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. कधीच नव्हता. राग आहे तो न विचारणाऱ्यांवर, आणि तो मी मरताना बरोबर घेऊन जाणार आहे.

दोन इयत्ता शिकलोय. तेवढ्यावरच हे लिहितोय, तेही उजव्या हाताच्या तीन बोटांनी. अक्षर वाकडं आलं तर वाचणाऱ्यानं मान वाकडी करावी.

आमचं घर कॅसलरॉक स्टेशनाच्या खालच्या अंगाला, रानाच्या कडेला. तरणा होतो तेव्हा दिग्गीच्या बाजूच्या रानात बांबू तोडायला जायचो. एका सकाळी वारुळामागून अस्वल उठलं. ते मला भ्यालं, मी त्याला भ्यालो, पण नखं त्याला होती. तोंड वाचवायला मी उजवा हात आडवा घातला. त्यानं हातही धरला आणि तोंडही. नाक गेलं, वरचा ओठ एका बाजूनं गेला, दोन बोटं गेली. बरोबरच्या दोघांनी घोंगड्यात घालून स्टेशनावर आणलं, तिथून मालगाडीनं लोंढ्याला, पुढं बेळगावला. डॉक्टरनं जे उरलं होतं ते शिवलं. पोरगी तेव्हा नुकती चालायला लागलेली. मी घरी आलो तर मला बघून चुलीमागं लपली. मग हळूहळू सवय झाली तिला. तिला आठवतो तो बाप ह्याच तोंडाचा.

ज्यांनी महारोगी बघितलाय त्यांना ठाऊक आहे, त्या रोगात नाक बसतं आणि बोटं झडतात. रानात एवढं माझं अंग पुढ्यात असताना अस्वलानं नेमकं तेच दोन घेतलं.

तीन बोटांत कोयता बसेना, म्हणून स्टेशनावर हमाली धरली. रामनगरच्या, लोंढ्याच्या बाजूनं दुकानदारांची पोती यायची, ती उतरवायची. फणसाचे गरे, काकड्या विकायचा विचार केला होता, पण माझ्या हातचं खाणार कोण? तांदळाचं पोतं मात्र सगळ्यांना चालायचं. पोत्याचं तोंड शिवलेलं असतं.

घाट उतरायच्या आधी गाडी आमच्याकडं बराच वेळ थांबते. इंजिनं जोडतात, ब्रेक बघतात. गोव्याला जाणारी माणसं खिडकीत बसून कंटाळतात, आणि कंटाळलेल्या माणसाला माझं तोंड म्हणजे फुकटचा पेपर. टॉवेल बांधून फिरा असं बायको म्हणायची. मी नाही बांधला. चोरानं तोंड बांधावं. मी कुणाचं काय चोरलं होतं?

तर खिडकीतून प्रश्न यायचे. ओळख ना पाळख, त्या माणसाला मी पुन्हा कधी दिसणार नाही आणि मला तो दिसणार नाही, म्हणून त्याला घरात कुणाला विचारवणार नाही असलं विचारायचं धाडस व्हायचं.

"मामा, तुम्हाला वास येतो का हो?" एक पोरगेलासा गडी विचारायचा.

"तुमचाच येतोय की मघापासनं," मी म्हणायचो.

एक बाई, अंगावर बक्कळ सोनं, विचारती झाली, "लग्न झालंय का तुमचं?"

"झालंय की बाई."

"आणि बायको राहते?"

"ऱ्हाती. तिचं नाक धड हाय, ती दोघांचा वास घेती."

एका भगव्या कपड्यातल्या बुवानं विचारलं, कुठल्या जन्माचं पाप हे. मी म्हटलं, "म्हाराज, मागल्या जन्मी गाडीच्या खिडकीत बसून लोकास्नी असलंच इचारत हुतो." त्याच्या शेजारचे सगळे हसले. बुवाही हसला आणि मला केळं दिलं. ते मी घेतलं नाही.

काय झालं होतं, हा प्रश्न तर रोजचाच. त्याला माझं रोज नवं उत्तर. कुणाला सांगायचो, पलटणीत होतो, गोळी लागली. कुणाला सांगायचो, इंजिनाच्या दांड्यात सापडलो. सासऱ्यानं कापलं, असंही अधूनमधून सांगायचो. अस्वलाचं मी खिडकीतल्या कुणालाच सांगितलं नाही. का सांगावं? नाक गेलं होतं ते माझं, त्याची गोष्टही माझी. ती कंटाळलेल्या माणसांना घाटापर्यंत चघळायला फुकट वाटत बसायची नव्हती मला. आजही मी तसंच करीन.

पोरगी मोठी झाली तशी दुपारची पेज घेऊन स्टेशनावर यायला लागली. खांबाला टेकून ती माझी उत्तरं ऐकायची आणि तोंडात पदर कोंबून हसायची. मी पेज प्यायला बसलो की म्हणायची, "आप्पा, आज सासऱ्याचा नंबर हुता व्हय? आज्याला कळलं तर वर बसून शिव्या देईल की."

मधे रूळ रुंद करायचं काम निघालं आणि गाड्या बंद झाल्या. मी खडी वाहायला गेलो. तितका काळ मला कुणी काही विचारलं नाही. कामावरच्या माणसांना माझी सवय झाली होती. खरं सांगतो, चुकल्यासारखं वाटायचं.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या आणि पोरीचं बघायची वेळ आली.

ज्याची पोती मी उतरवायचो त्या रामनगरच्या एका दुकानदारानं स्थळ आणलं. खानापूरकडचं शेतकरी घर, दोन भाऊ एकत्र, पोरगा कष्टाळू. पोरीनं त्याला रामनगरच्या बाजारात लांबून बघितला होता. आईजवळ तिनं "बरा हाय" एवढंच म्हटलं, पण त्या दिवसापासून सकाळी भांडी घासताना ती गुणगुणायला लागली. घरात ते आधी कधी ऐकू आलं नव्हतं.

आता आमच्याकडची रीत सांगतो. पाहुणा आला की आधी गूळ आणि पाणी. पाहुण्यानं गूळ तोंडात घातला की बोलणं खुलं झालं. मग त्यानं काहीही विचारावं, शेत किती, भांडण कुणाशी, घरात वेडं कोण, रोग कुठला. विचारलेल्याचा राग धरायचा नाही आणि गुळावर खोटं बोलायचं नाही. पण गूळ तोंडात जाईपर्यंत त्यानंही विचारायचं नाही आणि आपणही नाही. पाऊसपाण्याचं बोलायचं.

पोराचा बाप, चुलता आणि तो दुकानदार सकाळच्या गाडीनं आले. मी धुतलेला सदरा घालून पुढं बसलो. चुलत्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, नंतर सगळा वेळ तो आढ्याकडं बघत होता. पोरगी ताट घेऊन आली, गुळाचे खडे, तांब्या, पेले. खाली वाकून तिनं ताट ठेवलं.

पोराचा बाप म्हणाला, "आज उपास हाय ओ माझा."

चुलता म्हणाला, "माझाबी."

बुधवार होता. बुधवारी भावाभावांनी मिळून कसला उपास धरलाय, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण गूळ ताटातच होता, आणि आपल्या दारात मी रीत मोडणार नव्हतो. दुकानदारानं एकट्यानं खडा उचलला आणि तो चघळताना त्याचा चेहरा चोरी केल्यासारखा दिसत होता. मग आम्ही पावसाचं बोललो. रानडुकरांनी भात खाल्लं, त्याचं बोललो. परतीची गाडी यायच्या खूप आधी ते उठले आणि स्टेशनावर जाऊन बसले.

पुढच्या खेपेला दुकानदार पोत्यांबरोबर आला तो माझी नजर चुकवत.

"मुहूर्त जुळना म्हणत्यात, मामा."

"पोरीची पत्रिका न्हाई, त्याची न्हाई. मुहूर्त कशाशी जुळना?"

"समजून घ्या की ओ तुमी."

"समजलं न्हाई. मोठ्यानं सांग."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "घरात मोठं दुखणं हाय, पोरीच्या पोरास्नी उतरंल, असं त्यांच्या घरच्या बायका म्हणत्यात. मी सांगितलं अस्वलाचं. तुमच्या शेजाऱ्यांनीबी सांगितलं. पण गावचा माणूस गावाचंच सांगणार म्हणाले."

"मग माझ्या तोंडावर का न्हाई इचारलं?"

"कसं इचारतील? गूळ कुठं खाल्ला त्यांनी?"

हे त्यानं असं सांगितलं जसं काही ते उघडच होतं. आणि होतंच उघड. रोगाच्या घरचा गूळ खायचा नाही, आणि गूळ खाल्ल्याशिवाय रोग आहे का हे विचारता येत नाही. दोन्ही त्यांचंच, आणि मधे माझी पोरगी.

मी ठरवलं, आपणच त्यांच्या घरी जायचं. बायको म्हणाली, "एकटं नका जाऊ. ज्यांनी तुमाला घोंगड्यात घालून आणलं त्या दोघांस्नी संगट न्या. ती सांगतील."

"माझं तोंड खरं हाय म्हणून सांगायला साक्षीदार नेऊ?"

"तोंडाचं न्हवं. पोरीचं बघा."

मी एकटाच गेलो. खिशात पानात बांधलेला गुळाचा खडा होता.

पोराचा बाप अंगणात बसून गवताचा दोर वळत होता. मला बघून उठला. "या, या," म्हणाला. बसा म्हणाला नाही. मी आपणहून कट्ट्यावर बसलो. आतून कुणीतरी चहाचा कप आणून कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि माघारी गेलं. कपाचा कान तुटलेला होता. गूळ आला नाही.

मी माझा गूळ काढून मधे ठेवला. "पावणं, तुमी आमच्याकडनं उपाशी गेलासा. ह्यो गूळ. खावा, आन् काय इचारायचं ते इचारा. गाडीला अजून येळ हाय."

"छे छे. काय इचारायचंय त्यात?" तो परत दोर वळायला लागला. "यंदा तुमच्याकडं भात कसं पडलं?"

"भाताचं न्हवं. नाकाचं इचारा."

"तसं काय न्हाई ओ. मुहूर्ताचं हाय ते."

"ह्या बोटांचं इचारा."

गोठ्यातून चुलता बाहेर आला. लांबूनच म्हणाला, "पावणं, च्या थंड व्हतोय."

त्या घराच्या खिडकीत, दारात, माळ्यावर, कुठंतरी तो पोरगा असणार होता. तोही आला नाही. स्टेशनावरची ती सोन्यानं मढलेली बाई मला त्या वेळी आठवली. ती इथं असती तर तिनं तोंडावर विचारलं असतं. मी तिच्या पाया पडलो असतो.

शेवटी कुणी न विचारता मीच म्हणालो, "अस्वल हुतं."

पलटण आणि इंजिन मी किती ठसक्यात सांगायचो. हे एक खरं सांगताना माझा आवाज दारात उभ्या राहिलेल्या भिकाऱ्यासारखा निघाला. माझ्याच कानांना ते खोटं वाटलं.

"व्हय व्हय," पोराचा बाप दोराकडं बघत म्हणाला. "असंल की."

मी गूळ उचलून खिशात घातला. चहाला हात लावला नाही. वाटेत कुणी विचारलं नाही.

घरी आलो तर बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि चुलीकडं वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात मी शेण ओढत होतो, पोरगी वासराला धरून उभी होती. सकाळचं तिचं गुणगुणणं थांबलं होतं.

"आप्पा, एक इचारू?"

"इचार की."

ती वासराच्या कानामागं खाजवत राहिली. मग हळू आवाजात, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते अस्वलच हुतं न्हवं?"

सगळ्या जन्मात मला इतक्या माणसांनी इतक्या तऱ्हांनी विचारलं. हातातलं फावडं तेवढ्या एकाच वेळी खाली ठेवलं मी. तिनं इतकी वर्षं खांबाला टेकून ऐकलेली माझी उत्तरं तिच्यापुढं होती, आणि त्या घरच्या बायका काय म्हणाल्या तेही होतं. त्यात अस्वल कुठं बसायचं ते तिचं तिलाच ठाऊक.

"अस्वलच हुतं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि वासराला बाहेर घेऊन गेली.

घोंगड्यात घालून आणणाऱ्यांपैकी एकाला मी हाक मारू शकलो असतो. तो तेव्हा गावातच होता. नाही मारली. पाहुण्यांपुढं साक्षीदार नेला नाही तो पोटच्या पोरीपुढं उभा करू?

दोन पावसाळ्यांनी तिला अणशीकडं दिली. बिजवर, तिच्यापेक्षा बराच मोठा. रानातली माणसं ती, घरात आल्याआल्या गूळ खाल्ला आणि हात पुसायच्या आत विचारलं, "काय ओ, अस्वलानं धरलंवतं काय? आमच्या वाडीतबी एकाला धरलंवतं." अर्ध्या तासात सुपारी फुटली. पोरगी मान खाली घालून बसली होती. नांदते आहे. सुखात आहे का हे तिनं कधी सांगितलं नाही.

गणपतीच्या चवथीला ती येते. नात आता चालायला लागली आहे. ती माझ्या मांडीवर चढते, नाकाच्या भोकात बोट घालते, खदखदून हसते. त्याला तिची आई काही म्हणत नाही. पण जेवायला बसलो, माझ्या ताटातला भात कालवून मी एक घास नातीच्या तोंडापुढं धरला, की आतून हाक येते, "बाय, हिकडं ये गं. गरम भात हाय."

दर वेळी येते. माझ्या ताटातला भातही गरमच असतो. नात उठून आत जाते आणि तो घास मी माझ्या तोंडात घालतो. मी काही विचारत नाही.