मागच्या गल्लीतले अडतीस कागद

अकरा नोव्हेंबर. सकाळी चक्कीचा वरचा दगड उतरवून घेतला होता आणि टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने त्याला पुन्हा खाचा पाडायला, बसले होते. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम निघतं आणि बायका घरी जाऊन भाकरी चिरते म्हणून मला शिव्या देतात. म्हणून दर पंधरवड्याला हे काम मी स्वतः करते. तोंडाला फडकं बांधलेलं, हातात हातोडी, अशा वेळी नगरपंचायतीतले आमच्या पक्षाचे गटनेते, भाऊ, आले. तांदळाच्या पोत्यावर बसले. अर्ज भरायला तीन दिवस उरले होते.

ते म्हणाले, यंदा मी परत उभं राहायचं. मागच्या वेळी थोड्या मतांनी गेलं, यंदा जाणार नाही, कारण यंदा तिचा कागद आपल्याकडे आहे.

"तिच्याच हातचं आहे बाई. मोठ्ठं छापाचं अन् चौकात लावाचं. मंग पाहू कोण तिले मत देते."

मी संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलं आणि टाकी सुरू ठेवली. धूळ उडायला लागली तसे ते उठले.

ती म्हणजे आमच्या वॉर्डाची नगरसेविका. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. माहेर गोंडपिपरीकडचं, कापूस-सोयाबीन करणारं घर. लग्न होऊन आमच्या या जंगलाच्या कडेच्या तालुक्याच्या गावात आली. मागच्या वेळी वॉर्ड महिलेसाठी राखीव निघाला. तिला तिच्या नवऱ्याने उभं केलं आणि मला भाऊंनी. निकाल लागला तेव्हा ती जिंकली आणि मी चक्की उघडायला परत आले. सगळ्यांना वाटलं, कारभार नवराच करणार. पहिल्या सभेला तो तिच्या आधी जाऊन खुर्चीवर बसलादेखील होता. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमी घरी जा जी. बैल सुटले असन." तो उठला. त्यानंतर मी त्याला नगरपंचायतीत पाहिलं ते फक्त घराचा कर भरायला आलेलं.

तिची कामाची एक पद्धत होती. तक्रार तोंडी ऐकायची नाही. नाली तुंबली, दिवा गेला, काहीही असो, ती म्हणायची, लिहून द्या. ज्याला लिहिता येत नाही त्याचं ती त्याच्याच शब्दांत लिहायची. मग दोन प्रती घेऊन नगरपंचायतीत जायची, एक आत द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायची. इतपत पुष्कळ जण करतात. पण ती शिक्क्याची पोच स्वतःजवळ ठेवत नसे. ज्याची तक्रार त्याच्या घरी नेऊन द्यायची आणि सांगायची, मी विसरली तर हे घेऊन माझ्या दारात या. लोक यायचे. ती जेवत असताना यायचे, पाहुणे असताना यायचे. एक म्हातारी तर दिव्याचा कागद घेऊन रोज सकाळी तिच्या ओट्यावर बसायची आणि खांबावर दिवा लागेपर्यंत चहा पिऊन जायची. लोकांच्या हाती आपल्याचविरुद्धचा कागद देणारा पुढारी मी तोवर पाहिला नव्हता.

तिच्यात खोडी नव्हत्या असं नाही. बोलायला लागली की सभेत कोणाला बोलू देत नसे. बारशाला, तेरवीला जायची नाही, त्यामुळे पुष्कळ घरं दुखावलेली. आणि आपलं तेच खरं.

तो कागद लिहिला गेला तो या शेवटच्या गुणामुळे.

नळजोडणीच्या यादीसाठी घरोघर पाहणी करायची होती. मुख्याधिकारी नवीन, बाहेरचे. त्यांनी सभेत मे महिन्याची तारीख मांडली आणि तिला विचारलं, तुमच्या वॉर्डाला चालेल का. ती चालेल म्हणाली. तिच्या माहेरी कापूस निघून गेला की मे महिन्यात माणसं घरीच असतात. आमच्याकडे तो तेंदूपानांचा हंगाम. मागच्या गल्लीतली माणसं त्या दिवसांत घराला कुलूप लावून धानोऱ्याकडे, एटापल्लीकडे नातेवाइकांच्या गावी मुक्कामाला जातात, पानं तोडतात, पुडे बांधतात आणि हंगाम संपला की परततात. इतकी वर्षं इथे राहूनही ते तिच्या डोक्यात आलं नाही. बाकीच्या सदस्यांना माहीत होतं, पण वॉर्ड त्यांचा नव्हता. पाहणीवाला आला, अडतीस दारांना कुलपं पाहिली आणि अडतीस घरांपुढे 'वापरात नाही' असं लिहून गेला. यादी तशीच जिल्ह्याला जायची होती. एकदा गेली की त्या गल्लीला पुढची कित्येक वर्षं बोअरवेलवर रांग लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तारखेचा ठराव तिच्याच होकाराने झालेला. झालेला ठराव लगेच बदलायचा तर निम्म्याहून जास्त सदस्यांच्या सह्या हव्या होत्या, सतरापैकी नऊ. तिच्या बाजूचे सहा होते. तीन आमच्या बाजूचे लागणार होते. भाऊंनी तिला निरोप दिला, चूक तुझी होती असं लिहून दे, मग सह्या देतो.

ती माझ्या चक्कीवर आली, कारण घरी बसून लिहिलं असतं तर नवऱ्याने लिहू दिलं नसतं. पोत्यांच्या थप्पीवर कागद ठेवून उभ्यानेच लिहायला लागली. मी तिची विरोधक, तरी मला राहवलं नाही. म्हटलं, लिहायचंच आहे तर 'प्रशासनाच्या गैरसमजामुळे' असं लिही. सगळेच तसं लिहितात, सह्या तेवढ्यावरही मिळतील.

"गैरसमज कोणाचा झाला, बाई? मलेच विचारलं होतं, मीच हो म्हटलं. प्रशासनाले काय माहीत पानं कवा निघते."

तिने लिहिलं की तेंदूच्या हंगामात वॉर्डातली माणसं गावात नसतात हे नगरसेविका म्हणून मला माहीत असायला हवं होतं, मी विचार न करता तारीख मान्य केली, चूक माझी आहे, तिची शिक्षा गल्लीला होऊ नये. खाली सही. भाऊंनी तीन सह्या मिळवून दिल्या, बोलल्याप्रमाणे. विशेष सभेत तो कागद त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा. ती मान खाली न घालता ऐकत होती असं मला आमच्याच सदस्याने सांगितलं, आणि सांगताना तो हसला नाही. जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आत, पाहणी परत झाली. या वेळी ती पाहणीवाल्यासोबत प्रत्येक दारात उभी होती. नळ आले. पाणी एक दिवसाआड येतं आणि धार बारीक असते, पण येतं.

आणि आता तोच कागद भाऊंना चौकात लावायचा होता.

मला उभं राहायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला राहायचं होतं. मी हिशेबी बाई आहे, कामं उरकते, लोकांशी गोड बोलते, तेरवीला जाते. मी वाईट नगरसेविका झाले नसते. आणि या वेळी वॉर्ड सर्वसाधारण निघालेला, म्हणजे जिंकले असते तर बाई म्हणून दिलेली जागा असंही कोणी म्हणू शकलं नसतं. दुपारभर टाकी मारताना मी हेच घोळवत होते.

चारच्या सुमारास हात धुऊन तिच्या घरी गेले. ती अंगणात धान पाखडत होती. भाऊ येऊन गेले ते सांगितलं, कागदाचंही सांगितलं. ती सुपातलं धान खाली टाकत म्हणाली, त्यात नवीन काय आहे.

"त्याची पोच मी मागच्या गल्लीत घरोघरी दिली ना. अडतीस कागद वाटले. भाऊले छापाचा खर्च कायले?"

हे मला माहीत नव्हतं. भाऊंनाही नव्हतं, हे उघड होतं. मी तिला विचारलं, मी उभी राहिले तर.

"राहा ना, बाई. कोणी बी राहो." मग ती आत जाऊन वही घेऊन आली आणि माझ्यापुढे उघडून धरली. "शाळेमागची नाली अजून नाई झाली. चार अर्ज टाकले. तुमी आल्या तं पयले ते करा, नाईतर पाण्यापावसात लेकरं तिथूनच जाते."

तिने नालीचे चारही आवक क्रमांक मला वाचून दाखवले. लिहून घ्या म्हणाली. मी लिहून घेतले.

घरी येताना मी स्वतःला एकच विचारलं: तो कागद मी लिहिला असता का? नसता. मी 'प्रशासनाच्या गैरसमजामुळे' लिहिलं असतं. तसा सल्ला मीच तर दिला होता. सह्या मिळाल्या असत्या, नळही आले असते, आणि माझ्याविरुद्ध वापरायला कोणाकडे काही उरलं नसतं.

भाऊ दिवेलागणीला परत आले. मी नाही म्हटलं. का, ते विचारलं, तर म्हटलं, कागद जुना झाला भाऊ, मागच्या गल्लीत घरोघरी आहे. त्यांना आधी ते खरं वाटेना. मग म्हणाले, "तिले वेड लागलं का?" मी म्हटलं, असन. जाताना ते म्हणाले की मग दुसरं कोणी पाहावं लागेल. पाहा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड चढवला, थोडे तांदूळ दळून पीठ बोटांत चोळून पाहिलं, बरं होतं. साडेदहाला चक्की बंद करून नगरपंचायतीत गेले. ती अर्ज भरायला आलेली होती. उमेदवाराचं नाव सुचवायला वॉर्डातला एक मतदार लागतो, त्या सूचकाच्या जागेवर तिने दिराचं नाव लिहायला घेतलं होतं. मी कागद माझ्याकडे ओढला, मतदारयादीत माझा अनुक्रमांक शोधला आणि सही केली.