बायजा, फौजदार आणि ह्यांच्या शिंका

मांजराचे केस आणि मांजराचे किस्से घरात कसे साठतात, काही कळत नाही. सकाळी अख्खं घर झाडून काढावं, तर दुपारी पुन्हा उशीवर, स्वेटरवर, भाकरीच्या पिठात केस हजर. किस्स्यांचंही तसंच. एखाद्या पाहुण्यानं सहज विचारलं, "मांजर पाळलंय वाटतं?" की मी एक सांगायला घेते आणि त्याच्यामागून चार येतात. पाहुण्याची एसटी चुकते आणि मला आणखी एका माणसाचा स्वयंपाक पडतो.

त्यात आमच्या घरचा मामला जरा वेगळा. आमच्या ह्यांना, म्हणजे दत्तूशेठना, मांजराची ॲलर्जी. आणि घरात मांजरं दोन. आणली कुणी? ह्यांनीच.

*

नव्वद सालाच्या पुढेमागे आम्ही बारामतीजवळ जळोचीत घर बांधलं. ह्यांचं इंदापूर रोडला पशुखाद्याचं दुकान. भुसा, सरकी, पेंड. म्हणजे उंदरांना बारा महिने लग्नाची पंगत. म्हणून बायजा आली, करड्या रंगाची, आणि वर्षभरात तिचा मुलगा फौजदार. त्याचं नाव फौजदार अशासाठी, की तो सकाळी दुकानात एक चक्कर मारायचा, सगळ्या पोत्यांचा वास घ्यायचा आणि काहीही न करता निघून जायचा.

मग ह्यांना शिंका सुरू झाल्या. एक आली की मागे रांगच लागायची. आधी दोष भुशाच्या धुळीला दिला. मग सरकीला. साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला तसा धुराड्याच्या काजळीला. शेवटी मी म्हटलं, "अहो, आठवडाभर दुकानात जाऊच नका. घरी पडून राहा." ते पडून राहिले आणि शिंका दुप्पट झाल्या.

बारामतीत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शिस्तीचे, एकेक प्रश्न सावकाश विचारत होते.

"झोपताना उशाशी काय असतं?"

"मांजर."

"बरं. पांघरूण कसलं? लोकरीचं?"

"न्हाय, गोधडी. पण तिच्यात दुसरं मांजर असतंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आठवडाभर घरी विश्रांती घेतलीत म्हणता. तेव्हा मांजरं दुकानातच होती ना?"

"छ्या. तितं कोण बघणार त्यांच्याकडं? माझ्यासंगट घरीच आणलेली."

*

डॉक्टरांचा हुकूम निघाला, मांजरं बाहेर काढा. ह्यांनी ठरवलं, आधी आई, मग पोरगा. बायजाला इंदापूरला आपल्या बहिणीकडे सोडायचं. मांजराला परतीची वाट कळू नये म्हणून पोत्यात घालून न्यायची आपल्याकडे रीत आहे. ह्यांनी भुशाच्या पोत्याला हवेसाठी भोकं पाडली, आत स्वतःचा जुना स्वेटर अंथरला आणि एसटीत बसले.

पुढची हकिकत त्यांनीच मला सांगितली. पोतं मांडीवर, त्यामुळे डोळ्यांतून आणि नाकातून धारा लागलेल्या. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिला राहवेना.

"कोण गेलं म्हणायचं, बाबा?"

"गेली न्हाय अजून, मावशी. सोडायला चाललोय. इंदापूरला."

म्हातारीला वाटलं, बाप लेकीला पहिल्यांदा सासरी सोडायला निघालाय, लेक मागच्या सीटवर असेल. तिनं ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "लेकीचं असंच असतंय बग. चार दिस जड जात्यात. मग तीबी रमती आन आपूनबी रमतो."

हे ऐकून ह्यांना खरोखरचं रडू आलं. तेवढ्यात बायजानं पोत्यातून हाक दिली. म्हातारी थोडा वेळ पोत्याकडे बघत राहिली, मग कंडक्टरला सांगून तिनं जागा बदलून घेतली.

संध्याकाळी हे परत आले. हातात पोतं, पोत्यात बायजा.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताईकडं कुत्रं हाय."

"अहो, ते काय आजचं आहे? आपण दिवाळीत त्याला भाकरी घातली होती की."

"आज लई मोठं दिसलं," असं म्हणून ते बायजाला दूध द्यायला आत गेले.

*

माझे सासरे, आबा, कन्हेरीला राहायचे. तिथं आमची शेती. पण त्याआधी घराण्यात मेंढरं होती आणि आबांचं तरुणपण कळपामागं चालण्यात गेलेलं. त्यांना ॲलर्जी हा प्रकारच मान्य नव्हता. "आमी मेंढरांच्या मधी झोपलो. कुणी शिंकलं न्हाय. तुमी एका मांजरानं आजारी पडता व्हय?"

मी त्यांना समजावलं की मांजराच्या केसांमुळे त्रास होतो. माझी आपली वर्तमानपत्रात वाचलेली माहिती. आबांनी मान हलवली आणि ते कन्हेरीला गेले. दुसऱ्या दिवशी आले ते पिशवीत मेंढरं कातरायची मोठी कातर घेऊन.

"केसांचा तरास हाय न्हवं? मग केसच नगं."

मी शाळेत शिकवून घरी येईपर्यंत काम निम्मं झालं होतं. निम्मंच, कारण मेंढरू पाय बांधून आडवं पाडलं की गप पडतं, आणि फौजदाराला हा रिवाज ठाऊक नव्हता. डावी बाजू गुळगुळीत, उजवी भरदार, अशा अवस्थेत तो कुंपणावरून उडी मारून पळाला. आबांच्या दोन्ही हातांवर लाल रेघांचा नकाशा निघाला होता. शेजारचे शिवाजीराव फाटकात येऊन म्हणाले, "दत्तूशेठ, तुमचा फौजदार अर्धी वर्दी काढून गल्लीत हिंडतोय. सस्पेंड झाला का काय?"

दिवस थंडीचे होते. फौजदार डाव्या अंगानं कुडकुडायला लागला. ह्यांना ते बघवेना. त्यांनी त्याला आपल्या मफलरमध्ये गुंडाळून कुशीत घेतलं आणि महिनाभर तसंच झोपवलं. त्या महिन्याइतक्या शिंका ह्यांनी आयुष्यात कधी दिल्या नसतील.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, त्रास नुसत्या केसांनी होत नाही, मांजराच्या लाळेनं आणि कातडीच्या कोंड्यानं होतो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग धुऊन काढू," ते म्हणाले. फौजदार त्या दिवशी आबा उठून जाईपर्यंत कपाटावरून खाली आला नाही.

*

आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही पहिल्यांदा आमच्याकडे आला. मॅच असली की सगळी गल्ली सतरंजीवर. टीव्ही वरून गरम होतो हे बायजाला पहिल्याच दिवशी कळलं. ती टीव्हीवर झोपायची आणि शेपूट खाली पडद्यावर सोडायची. हे नाकाला रुमाल बांधून सगळ्यात पुढे.

"दत्तूशेठ, बॉलर दिसंना," शिवाजीराव म्हणाले. "जरा शेपूट लेगला घ्या की."

"झोपलीय ती. उठवू नगा."

टीव्ही ज्याचा, त्याचं ऐकावं लागतं. सगळे माना वाकड्या करून मॅच बघत राहिले. शेवटची ओव्हर, शेवटचा बॉल. नेमकी तेव्हाच ह्यांना शिंक आली. ती अशी काही जोरात आली की पोरं दचकली, कुणाचा चहा सांडला, दोघं जण उठून उभे राहिले. सगळ्यांनी पुन्हा टीव्हीकडे बघितलं तेव्हा खेळाडू स्टंप उपटून पळत होते.

"कोण जिंकलं?" शिवाजीरावांनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. स्कोअर शेपटीखाली होता, आणि बायजा काही उठली नव्हती.

*

हसण्यावारी नेता येईल तोवर मी नेलं. एका वर्षी होळीच्या सुमाराला भर दुपारी शिवाजीरावांनी ह्यांना दुकानातून उचलून रिक्षात घातलं आणि मला घ्यायला आले. ह्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, ओठ निळसर पडले होते. आपल्या पायात चप्पल नाही हे मला दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

श्वास जरा सावरल्यावर डॉक्टर आले. "आता एकच सांगतो. एक तर मांजर ठेवा, नाहीतर मला ठेवा. दोन्ही जमणार नाही."

ह्यांनी तोंडावरचा वाफेचा मास्क बाजूला केला. "डॉक्टर, तुमी उंदीर धरता का?"

नर्स हसली. डॉक्टरसुद्धा हसले. मी हसले नाही. मला हा माणूस हवा होता, चांगला म्हातारा होईपर्यंत हवा होता, आणि त्याला चेष्टा सुचत होती म्हणून मला आणखीच रडू आलं.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, "रविवारी आबा येतील आणि दोघांना कन्हेरीला घेऊन जातील."

हे भिंतीकडे तोंड करून "बरं" म्हणाले. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

*

रविवार उजाडला. दवाखान्यातून आल्यापासून मी मांजरांना अंगणातच ठेवलं होतं, डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप हे दोन वेळा घेत होते आणि श्वास सरळ चालला होता. पण माझा नुसत्या अंगणावर विश्वास नव्हता. आबांनी बांबूचं डालगं आणलं होतं. त्यात बायजा आणि फौजदार बसवले, वर फडकं बांधलं. कन्हेरीकडे जाणाऱ्या एसटीची वेळ झाली होती. आबांनी डालगं उचललं. हे दाराच्या चौकटीला धरून उभे होते. जाता जाता त्यांनी डालग्याच्या फटीतून एक बोट आत घातलं, बायजाचं कपाळ खाजवलं आणि शिंकले.

एकदाच.

निघताना एक शिंक आली की आमच्याकडे पाऊल उचलत नाहीत. खाली बसायचं, पाणी प्यायचं. लगेच दुसरी आली तर पहिलीचा दोष फिटतो, मग खुशाल निघावं. आबांनी डालगं खाली ठेवलं आणि पायरीवर बसले. "दुसरी येऊ दे. मग निघतो."

ह्यांची शिंक कधी एकटी आल्याचं माझ्या संसारात मी ऐकलं नव्हतं. आम्ही वाट बघत राहिलो. ह्यांचं तोंड लाल झालं. नाकपुड्या थरथरायला लागल्या. दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून ते छताच्या पंख्याकडे बघत उभे होते.

"दत्ता, सोड ती," आबा म्हणाले.

ह्यांनी नुसती मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

आबांनी डालगं उचलून त्यांच्या नाकाजवळ नेलं. फौजदाराची शेपटी फटीतून बाहेर आली होती, ती ह्यांच्या ओठांवरून फिरली. डोळ्यांतलं पाणी गालावरून शर्टावर पडायला लागलं, पण शिंक आली नाही. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"सूनबाई, आत जा," आबा म्हणाले. "दोन लाल मिरच्या भाज तव्यावर. बघू कशी येत न्हाय."

मी आत गेले. गॅस पेटवला, तवा ठेवला. डब्यातून दोन मिरच्या काढल्या. स्वयंपाकघराच्या दारातून हे दिसत होते, चौकट धरून तसेच उभे, शर्टाचा पुढचा भाग ओला.

मी मिरच्या परत डब्यात टाकल्या, गॅस बंद केला आणि बाहेर आले.

"आबा, मिरच्या संपल्यात."

आबांनी अंगणात बघितलं. वर्षाच्या तिखटासाठी मी जुन्या साडीवर वाळत घातलेल्या मिरच्या तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरल्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सावकाश डालग्यावरचं फडकं सोडायला घेतलं.

"आवंदा मिरच्या लवकर संपल्या म्हणायच्या," ते म्हणाले. "चा तरी हाय का?"