एका लिफ्टसाठी

पहिल्या मजल्यावरून उतरता येईना म्हणून शकू एकोणिसाव्या मजल्यावर राहायला गेली. हसू नका, खरंच सांगतोय. घाटकोपरच्या डोंगरावर त्यांचं घर. खाली दीर-जाऊ, वर माळ्यावर शकू, तिचा नवरा अंबादास आणि मुलगा आकाश. मधे उभी लोखंडी शिडी. सपाटीला वॉकर धरून शकू चालायची हो, पण गुडघे गेल्यापासून शिडीपुढे हात टेकले. डॉक्टरकडे न्यायचं तर चौघांनी खुर्चीत बसवून उतरवायचं, अख्ख्या गल्लीनं बघायचं. शेवटी तिनं उतरणंच सोडलं. रविवारची विहारातली वंदना सुटली, बाजार सुटला. चार वर्षं बाई माळ्यावर!

आकाश गोरेगावला स्टुडिओत लायटिंग करतो. त्यानं पार बोरीवलीच्या टोकाला टॉवरमध्ये घर घेतलं. लोक तिकडे हवेसाठी जातात, पार्किंगसाठी जातात. जात असतील. हा गेला लिफ्टसाठी. जाऊ सुंदराबाई म्हणालीच, "एक मजला झेपंना अन् निघाली एकोणिसाव्यावर! आता कसली खाली येतेस तू!" शकूलाही मनातून हीच धास्ती होती. नव्या घरात आठवडाभर ती दाराबाहेर पडली नाही.

मग एका सकाळी अंबादास आंघोळ करून येतो, तर दार सताड उघडं. वॉकर नाही, शकू नाही. तो बनियनवरच धावला, लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं तर आत शकू उभी!

"अगं बये, होतीस कुठं?"

"इथंच की. खाली दार उघडतं, पण मी वॉकर सरकवेपर्यंत माणसं आत घुसतात अन् लिफ्ट परत वर. थांबा म्हणायची लाज वाटली हो." मग हळूच हसली. "पण ओळखी झाल्या. सातव्यावरची अनुपमा लोणचं देणाराय. बाराव्यावरच्या गंधालीचं लग्न ठरलंय."

अंबादास हसून हसून बेजार. "वेडाबाई, 'जरा दार धरा' म्हणायचं. धरतात लोक!" तो आत शिरला, खाली गेल्यावर दार धरून उभा राहिला. शकू सावकाश बाहेर आली. गेटपाशी भाजीवाली होती. शकूनं मेथीची जुडी उचलून नाकाशी धरली आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या आकाशचं भलं होवो," ती म्हणाली. "लिफ्ट बनवणाऱ्याचंही होवो."

येणारे-जाणारे बनियनकडे बघायला लागले, तसा अंबादास ओशाळला. "चल गं, वर जाऊ."

"तुम्ही व्हा पुढं," शकू मेथी निवडत म्हणाली. "मी येते माझी माझी."

अंबादास लिफ्टकडे वळला. आत गेल्यावर बटण दाबायचंही त्याला सुचेना. तो तसाच डोळे पुसत उभा राहिला.