फाटक्या कोपऱ्याचं पाकीट

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सोलापूरच्या एका गिरणीत कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा झाग्रेबहून एक फिटर नवी यंत्रं बसवायला आला होता. त्याचे उपकार मी विसरणार नाही. जेवणाच्या सुट्टीत तो मला क्रोएशियन शिकवायचा. माझ्या डब्यातली शेंगाचटणी खायचा आणि डोळे पुसत पुन्हा मागायचा.

'आको' म्हणजे 'जर', एवढं पहिल्याच दिवशी कळलं. पुढचं वाक्य जुळवायला महिना गेला. "आको बुदेश उचिओ, नाउचिचेश." अभ्यास केलास तर शिकशील. मी मधलं 'बुदेश', म्हणजे भविष्यकाळाचं 'होशील', गाळायचो आणि तो पाना टेबलावर आपटायचा. मराठीत हे कसं म्हणता, असं त्यानं एकदा विचारलं. 'केलास' हे भूतकाळाचं रूप, असं मी समजावल्यावर तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "केलास? अजून केलंय कुठं त्यानं? तुम्ही लोक आधीच झालं म्हणून टाकता."

जाण्याआधी त्यानं माझ्याकडून झाग्रेबच्या वस्त्रविद्येच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेतला. जागा मिळाली तर माझी कारकुनी सुटणार होती. सोलापुरातली खोली भाड्याची, कधी सोडावी लागेल सांगता येत नव्हतं, म्हणून पत्ता मी केम गावचा, आईच्या घरचा दिला.

तीन महिन्यांनी सुट्टीला केमला गेलो. आईनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. गोठ्याच्या वळचणीतून एक पाकीट काढलं आणि लांबूनच पुढं केलं.

"तूच वाच बाबा. दुसऱ्या कुनाला दावलं न्हाय."

पाकिटाचा कोपरा फाटलेला होता. परदेशी तिकीट कुणीतरी वाटेतच काढून घेतलं होतं. पण आमच्याकडं फाटक्या कोपऱ्याचा कागद म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. तो घरात आणत नाहीत. आईचा भाऊ पलटणीत होता, सरहद्दीवर.

"कधी आलं हे?"

"झाला की महिना."

"अगं, मास्तरांकडून वाचून घ्यायचंस."

"वाचलं न्हाय तवर माजा भाऊ जित्ता की रं," ती म्हणाली.

उभ्या उभ्या उघडलं. पहिलंच वाक्य 'आको'नं सुरू होत होतं. शब्दकोश लागला नाही. अमुक तारखेच्या आत होकार कळवलात तर जागा तुमच्यासाठी राखून ठेवू. तारीख जाऊन अकरा दिवस झाले होते.

"मामा हाय न्हवं?"

"मामाचं नाही हे. कुणी गेलं नाही."

"मग कशाचं?"

"गिरणीचं. जुनं काम."

ती पायरीवर बसली आणि रडली. मग पदरानं तोंड पुसून आत गेली, गुळाचा खडा घेऊन आली. आधी देवापुढं ठेवला, मग माझ्या हातावर.

मी झाग्रेबला पत्र टाकलं, माफी मागून, चार ओळींचं. उत्तर आलं ते छापील होतं. फिटरला काय कळवावं ते सुचलं नाही, म्हणून त्याला कधीच लिहिलं नाही. गिरणीत मी कारकूनच राहिलो. आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिचा यात दोष नव्हता, हे मला कळतं. पण त्या दिवशी तो गूळ गिळताना मला तिचा राग आला होता, आणि तो राग पुरता गेला असं मला आजही म्हणता येत नाही.