आल्या बोटीनं परत

"हे आमच्याकडे येत नाही," एवढं वाक्य कानावर पडलं की गंगाधर सरांचं डोकं फिरायचं. समोर कारकून असो, डॉक्टर असो, नाहीतर एस.टी.चा कंट्रोलर. सर खिशातलं पेन काढून त्याच्यापुढं आपटायचे. "लिहून दे. कुणाकडं येतं ते बी लिही, अन् खाली सही कर."

आमची ओळख अशाच एका खिडकीपाशी झाली. माझा जन्म लातूरचा, शाळा नांदेडची. जन्मदाखला मागितला की लातूरवाले नांदेडला धाडत, नांदेडवाले लातूरला. चौथ्या हेलपाट्याला मी रडकुंडीला आले होते. माझ्या मागं रांगेत उभा असलेला एक पंचाहत्तरीचा माणूस पुढं झाला आणि ते पेन खिडकीतून आत गेलं. कारकुनानं काही लिहिलं नाही, पण दाखला मात्र तासाभरात निघाला. बाहेर चहा पाजत सर म्हणाले, "बघितलं का माय? तोंडानं न्हाई म्हणायला काय जातंय! लिहायची पाळी आली की समद्यांचा हात थरथरतो."

सर कंधारच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि नांदेडला मुलाकडे राहायला आले. त्यांना एक पुस्तक लिहायचं होतं, पण टायपिंग येत नव्हतं. मी विष्णुपुरीहून दर रविवारी जाऊ लागले. ते सांगायचे, मी टाइप करायची. पुस्तक एकाच माणसाबद्दल होतं. किशनबा, सरांच्या आजोबांचा धाकटा भाऊ.

किशनबा निजामाच्या काळात दुष्काळात गाव सोडून मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर चढून आफ्रिकेत मोंबासाच्या बंदरात हमाली करायला. परत आला नाही. मागं बायको आणि तान्ही मुलगी राहिली. त्या बायकोला घरात धाकली आजी म्हणत. तिनं मरेपर्यंत कुंकू लावलं, कारण नवरा मेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. "शाळेत जाताना मला रोज इचारायची, गंगाधर, तुज्या पुस्तकात बोटीचं काई हाय का रं? त्या बाईसाठी मी इतिहास शिकलो," सर म्हणायचे.

पेन्शनीत आल्यावर सरांनी मुंबईचं दफ्तर धुंडाळलं आणि गोऱ्या साहेबांची पत्रं शोधून काढली. कोळशाची पोती वाहून किशनबाचे डोळे अधू झाले, तसं तिकडच्या बंदरावरच्या साहेबानं लिहिलं, 'कामास निरुपयोगी, परत पाठवावा.' मुंबईच्या साहेबानं लिहिलं, 'हा निजामाची रयत, आमची नव्हे. निजामाकडून ओळख पटेपर्यंत उतरू देऊ नये.' ओळख पटली नाही, तसं त्याला आल्या बोटीनं परत. तिकडं पुन्हा उतरू दिलं नाही, पुन्हा मुंबई. असं तीनदा. शेवटचं पत्र दोन ओळींचं होतं. इसम वाटेत मेला, समुद्रात सोडला, प्रकरण बंद.

हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. "मुडदा बशिवला त्यांचा! आडतीवर पोतं नाकारलं तरी त्याची चिठ्ठी देतेत की! अन् ह्या साल्यांनी जिता माणूस इकडून तिकडं फेकला. त्याला घराकडं चालत जाऊ दिलं असतं तर आंधळा बी कंधारला पोचला असता!" टाइप करताना माझ्याही तळपायाची आग मस्तकाला जायची. आम्ही दोघं मिळून मेलेल्या साहेबांना शिव्या घालायचो आणि मला ते फार आवडायचं. आपला काहीच दोष नसला की राग कसा मोकळा येतो.

एकच कागद राहिला होता. निजामाकडून ओळख का पटली नाही? हैदराबादहून त्याची नक्कल आली ती उर्दूत. वडिलांनी शिकवल्यामुळे सरांना उर्दू यायची. त्या रविवारी मी गेले तर कागद मांडीवर आणि सर भिंतीकडे बघून राहिलेले.

"लिहून दिलंय माय," ते म्हणाले.

"कुणी?"

"आमच्याच माणसानं."

तहसिलातून माणूस गावात आला होता. आमच्याकडे शेत थोरल्याच्या नावावर असतं, धाकटे त्याच्या हाताखाली राबतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. त्यामुळे पटवाऱ्याच्या दफ्तरात किशनबाचं नावच नव्हतं. मग थोरल्याला, म्हणजे सरांच्या सख्ख्या आजोबांना विचारलं, हा तुझा भाऊ का? आजोबांनी सांगितलं, 'या नावाचा इसम आमच्या घरचा नाही.' खाली अंगठा. त्याच घरात, भिंतीपलीकडे, धाकली आजी त्याच्या नावानं कुंकू लावत होती.

"वाटणी द्यावी लागंल म्हणून," सर म्हणाले. "मन्याडकाठचं काळं रान हाय ते. त्याच रानावर मी शिकलो. आजोबाच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली मी, माय. त्याच अंगठ्याला धरून चालायला शिकलो." मग त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मी हात धरला नसता तर आणखी मारली असती.

पुढच्या आठवड्यात ते मला घेऊन लातूरला गेले. धाकल्या आजीची नात, सुमनताई, तिथं पिठाची गिरणी चालवते. नात्यानं सरांची आतेबहीण. सरांनी कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, "अर्धं रान तुजं हाय. चल, नावावर करून देतो."

सुमनताईनं गिरणी बंद केली. पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं.

"दादा, रानाचं मागून बघू. माझी आजी त्या घरात आयुष्यभर शेण काढत राहिली. नवरा टाकून पळाला म्हणून गाव हसलं तिला. थोरल्यानं ओळखलं होतं अन् न्हाई म्हणला, हे आधी लिहून द्या. पुस्तकात. पहिल्या पानावर."

सरांनी तिथंच, पिठानं माखलेल्या स्टुलावर, तिच्यासमोर ते पान लिहिलं. तीनदा पेन थांबलं. शेवटी सही केली आणि म्हणाले, "हाव, थरथरतोच की हात."

रान नावावर व्हायचं राहिलं. त्याला मुलांच्या सह्या लागत होत्या, त्यांनी आज-उद्या करत दोन महिने काढले आणि तेवढ्यात सर झोपेतच गेले. तेराव्याला जेवणं झाल्यावर थोरला मुलगा, सतीश, मला बाजूला घेऊन गेला. चांगला शिकलेला आहे. वडिलांचं पुस्तक स्वखर्चानं छापणार, दोन्ही बंदरांच्या साहेबांना त्यात सोलून काढलंय याचा त्याला अभिमान आहे.

"ताई, ते पहिलं पान तेवढं काढून टाका. अप्पांचं वय झालं होतं. आणि तो किशनबा तसाही आमच्या घराण्यात येत नाही. नाव कुठंच नाही त्याचं."

अंगणात पत्रावळी उचलणं चाललं होतं. सुमनताई जरा अंतरावर उभी होती, तिनं ऐकलं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. साहेब मरून किती वर्षं झाली, आणि हा माणूस परत त्या आंधळ्याला बोटीवर चढवायला निघाला होता, तेही बापाच्या तेराव्याला!

सरांचं पेन त्यांनी जाण्याआधी मला दिलं होतं. मी ते पर्समधून काढलं आणि सतीशच्या हातात दिलं.

"लिहून दे," मी म्हटलं. "आणि खाली सही कर."

तो पेन धरून तसाच उभा राहिला. सुमनताई हळूहळू जवळ आली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. शेवटी त्यानं ते पेन मला परत केलं.

पुस्तक छापायला गेलंय. पहिलं पान जागेवर आहे.