बुजवलेला खड्डा

ज्या दिवशी बुजवलेला खड्डा पुन्हा उकरायला घेतला, त्या दिवशी आईने सकाळचा चहा घेतला नाही.

कोकणात, गावाच्या वरच्या डोंगरावर आमची वस्ती होती. बॉक्साइटची खाण सुरू झाली तेव्हा आई-वडील भातशेती भावांवर सोडून इतर काही जोडप्यांबरोबर वर आले. वर सगळा कातळ. खांब पुरता येईनात, म्हणून पहिल्या झोपड्या दगडांच्या ढिगांना टेकवून उभ्या केल्या. परसात अळू लावायला बायकांनी गावाहून टोपल्यांनी माती आणली. गावातले हसत, "वर कशाला जाताव, ढगात भात लावाया?"

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. ती बारशाआधीच गेली. आमच्यात एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. कातळात पुरणार कुठे? खनिज काढून झालं की खड्डा मातीने बुजवत; तेवढीच मऊ जागा. वडिलांनी तिला तिथे ठेवलं. वर मीठ, दगड, करवंदीचे काटे. पुढे इतरांनीही आपली लेकरं तिथेच नेली. काम संपलेल्या जागेला कोणी परत हात लावणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मग खड्ड्यात मातीबरोबर टाकून दिलेल्या हलक्या प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळालं. मशीन आलं तेव्हा वडील हयात नव्हते. आई मुकादमापुढे उभी राहिली. मी तिच्या मागे.

"भाऊ, जरा थांब. माझी पोर हाय तिथं."

"वहिनी, इतक्या वर्सांनी काय ऱ्हानार? मातीच झाली आसंल."

"माती तर माती. माझ्या पदरात घाल."

त्याने मशीन थांबवलं. "कुठं, ते दावा."

आईने इकडे बोट केलं, मग तिकडे. दगड सरकले होते, काटे केव्हाच कुजले होते. शेजारची काकी म्हणाली, "अगो, तिथं माझा हाय. तुझी ह्या अंगाला." जागेवर दोघींचं एकमत होईना. मुकादम बराच वेळ थांबला. मग डंपर भरले आणि बंदराच्या वाटेने उतरले.

त्यानंतर भरलेला डंपर दारावरून गेला की आई हातातलं टाकून उभी राही, पदर डोक्यावर घेई. जेवत असली तरी उठे. आता शहरात जड गाडी गेली की माझाही घास थांबतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आई गेली. तिला खाली, गावच्या नदीकाठी अग्नी दिला. खाण बंद आहे. डोंगरावर पत्र्याची काही घरं आहेत आणि पाण्याने भरलेला तो खड्डा. वर आमचं कोणी नाही.